रीलची बेअरिंगं धुताना

समुद्रावरून आणलेली मासे पकडायच्या गळाची रील मी दोन महिने तशीच टाकून दिली होती. आळस, दुसरं काही नाही. मग एकदा स्पूल (दोरा गुंडाळायचा फिरता भाग) फिरवून पाहिला तर जात्यासारखी घरघर. रील खोलून स्पूलची दोन्ही बेअरिंगं बाहेर काढली. भोक ३ मिमी, बाहेरचा व्यास १० मिमी. करंगळीच्या नखाएवढा ऐवज.

धुवायला घेतलं अ‍ॅसिटोन, कारण ते हाताशी होतं. पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात ओतलं, बेअरिंग टाकलं आणि फोन वाजला म्हणून उठलो. परत येतो तर पेल्याचा तळ विरघळून टेबलाला चिकटलेला! तेव्हा कुठे बेअरिंगकडे नीट पाहिलं. एकाला धातूची झाकणं होती, दुसऱ्याला रबरी सील. अ‍ॅसिटोनमध्ये ते रबर फुगून वाकडं झालं असतं. नशिबाने पेल्यात धातूवालं पडलं होतं. शिवाय अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशाच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते. बंद खोलीत मी काय करत होतो कोण जाणे.

एका मित्राने पेट्रोल सुचवलं. त्यात बेंझीन असतं, त्याने कर्करोग होतो. ते हातावर घ्यायचं नाही हे लगेच ठरलं. मग रॉकेल. जुनं ग्रीस झकास निघालं, काळं पाणी सुटावं तसं. पण बेअरिंग वाळवून फिरवलं तर खरखर जशीच्या तशी.

यावर मी बराच वेळ डोकं खाजवत बसलो. उत्तर साधं होतं: आत ग्रीसबरोबर मीठही होतं आणि मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. अ‍ॅसिटोनमध्येही नाही. त्याला पाणीच लागतं. म्हणून झाकणं काढून बेअरिंगं कोमट पाण्यात घोळवली, दोनदा पाणी बदललं. लगेच ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल काचेच्या बरणीत घेऊन त्यात हलवली. ते उरलेलं पाणी ओढून घेतं, भराभर उडतं आणि मागे काही ठेवत नाही. ७० टक्केवालं नको; त्यात बाकीचं पाणीच असतं, म्हणजे गंजाला आमंत्रण. पेटतं हेही, म्हणून या वेळी खिडक्या उघड्या, हातात नायट्राइलचे मोजे.

वाळल्यावर कोरडं बेअरिंग बोटाने गरगर फिरवायचा मोह होतो. तो आवरला, कारण तेलाशिवाय छर्रे पोलादावर थेट घासतात. प्रत्येकी एकच थेंब पातळ तेल घातलं. स्पूलला टिचकी मारली, गुपचूप फिरत राहिला.

एका झाकणाची तारेची क्लिप मात्र काढताना टणकन उडाली ती अजून सापडलेली नाही. ते बेअरिंग सध्या एका बाजूने उघडंच चालवतोय.