पत्र्याची पेटी

काका जाऊन दोन महिने झाले. आज औसा तालुक्यातल्या आमच्या गावी काकूंसोबत त्यांची पत्र्याची पेटी उघडली. खताच्या पावत्या, सोसायटीचं बेबाकी पत्र (कर्ज बाकी नसल्याचा दाखला), तीन पासबुकं. एका पासबुकात दर मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले. काकूंना वाटायचं, बँकेचा काही खर्च असेल. तो जीवनज्योती विम्याचा हप्ता होता, २ लाखांच्या विम्याचा.

"मला कधी बोललेच नाहीत की रे," म्हणत काकू पासबुक छातीशी धरून रडल्या. मला पुढचं पान उलटवेना.

वावर अजून काकांच्याच नावावर आहे. वारस नोंदीसाठी तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. अर्ज उद्याच देतोय.

संध्याकाळी लातूरला आलो आणि अण्णांसमोर कोरी वही ठेवली. जीभ जड झाली होती. बापाला हे कसं विचारायचं? अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिही." खाती, गट नंबर, मोंढ्यातल्या आडतीवरचं येणं, सोयरे-धायऱ्यांचं देणं, सगळं भराभर सांगत गेले. जुन्या खात्याला नॉमिनी अजून आजीच आहे. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली! ते आधी बदलायचंय. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैशावर हक्क वारसांचाच, हेही घरात सर्वांना सांगितलं.) पिन मात्र वहीत लिहिले नाहीत.

वही मिटतच होतो, तेवढ्यात आई हात पुसत येऊन बसली. "माझ्या बचत गटाचं बी लिही रे बाळा."