लोफोटेनमध्ये सायकल रात्री चालवा

लोफोटेनला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर, सायकल घेऊन जायचा विचार असेल तर माझं एकच सांगणं आहे, दिवसा झोपा आणि रात्री चालवा. बाकी रस्ता, सामान, टायर सगळं नंतर.

आम्ही दोघी, मी आणि ऑस्लोतली माझी मैत्रीण, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. ट्रॉन्डहाइमहून बोदोची ट्रेन, दहाएक तास लागतात, वाटेत सॉल्टफ्येलेच्या पठारावर गाडी आर्क्टिक सर्कल ओलांडते आणि तिथे जूनमध्येही बर्फाचे पट्टे पडलेले असतात. सायकलचं तिकीट आधी काढून ठेवा, डब्यात जागा मोजकीच असते. बोदोहून मॉस्केनेसची फेरी, तीन-साडेतीन तास. त्या फेरीवरून लोफोटेनचे डोंगर पहिल्यांदा दिसतात तेव्हा सरळ समुद्रातून भिंत उभी केल्यासारखे दिसतात, नॉर्वेजियन लोक त्याला लोफोटेनची भिंतच म्हणतात.

फेरीतून दुपारी उतरलो आणि उत्साहात लगेच निघालो. आधी ऑ गावाला, हे गावाचं नाव एका अक्षराचं आहे, नॉर्वेजियन मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर, आणि ई-टेन हायवे इथेच संपतो, तो थेट स्वीडनमधल्या लुलिओपासून येतो. हायवे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चार लेन येतात, पण हा दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा रस्ता, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला पाणी. आणि त्यावर दुपारी कॅम्परव्हॅनची रांग. चालवणारे वाईट नसतात हो, मागे थांबतात, पण आपल्यामुळे सात गाड्या मागे अडकल्यात हे पाठीला जाणवत राहतं आणि मग बाजूचा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, बघणं होतच नाही. वर समोरून वारा. कशीबशी राइने गाठली, हॅम्नॉयला पोचेपर्यंत पुरती वाट लागली. वीसच किलोमीटर झाले होते!

वाऱ्याबद्दल इथेच सांगून टाकते. यर नावाचं हवामानाचं ॲप सगळे वापरतात, चांगलं आहे, पण त्यात वारा मीटर पर सेकंदमध्ये असतो. मी १० आकडा बघितला आणि म्हटलं किरकोळ आहे. १० मीटर पर सेकंद म्हणजे ताशी ३६ किलोमीटर! आपल्याकडे घाटाची भीती असते, कुंभार्ली नाहीतर वरंधा, पण इथे ई-टेनवर घाट असा नाहीच, रस्ता बराचसा पाण्याच्या कडेकडेने जातो. इथला घाट म्हणजे वारा. सगळे सांगतात ऑकडून ईशान्येच्या स्वोल्वेर शहराकडे जा म्हणजे नैऋत्येचा वारा पाठीला मिळेल, पण आम्हाला छान कोरडी हवा मिळाली आणि तिच्याबरोबर ईशान्येचा वारा, म्हणजे तोंडावर. पाठीला वारा हवा असेल तर पाऊसही घ्यावा लागतो असा तिथला एकूण हिशोब दिसला.

मग हॅम्नॉयच्या लाल रोर्बूत, म्हणजे पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या कोळ्यांच्या जुन्या लाकडी खोलीत, आम्ही झोपलो आणि रात्री साडेदहाला उठून निघालो. जूनमध्ये इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधार नव्हताच, पण रस्ता रिकामा. अक्षरशः रिकामा. वारा पडला होता आणि पाणी इतकं स्थिर की डोंगर उलटा दिसत होता. आता हे कळायला मला थोडा वेळ लागला की मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेला असतो, आणि राइने-हॅम्नॉय डोंगरांच्या दक्षिणेकडच्या अंगाला आहेत, म्हणून तिथे उजेड असतो पण ऊन नसतं, सगळं निळसर. तुम्ही सावलीत पेडल मारत राहता आणि फक्त वरच्या सुळक्यांची टोकं नारिंगी असतात. मग रस्ता फ्लाक्स्टाडच्या बेटावर उत्तरेच्या किनाऱ्याला निघतो, राम्बर्गचा पांढऱ्या वाळूचा किनारा येतो, आणि एकदम ऊन अंगावर!! रात्री पाऊण वाजता. माझी सावली रस्त्यावर लांबच लांब पडली होती.

घड्याळात बारा वाजले की सूर्य सगळ्यात खाली असेल असं मला वाटायचं. तसं नाही. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात आणि ही बेटं त्यांच्या टाइमझोनच्या मानाने पश्चिमेला आहेत, त्यामुळे सूर्य सगळ्यात खाली येतो तो एकच्या थोडं पुढे. तेव्हा तो क्षितिजाच्या जेमतेम अंश-दीड अंश वर असतो, टेकतो टेकतो म्हणेपर्यंत आडवाच सरकत जातो आणि परत चढायला लागतो. फ्लाक्स्टाडचं १७८० सालचं लाल लाकडी चर्च त्या उन्हात बघा, मी तर सायकल आडवी टाकून तिथेच गवतावर बसले.

त्याच सुमाराला, दोनला, आईचा व्हिडिओ कॉल आला. भारतात तेव्हा साडेपाच, तिची उठायची वेळ. "अगं रात्रीच्या कसल्या सायकली चालवताय तुम्ही?" मी कॅमेरा फिरवला. "अगंबाई, ऊन आहे की!" मग थोडा वेळ गप्प राहून, "रस्त्यावर कोण नाही ना गं?" मी म्हटलं कोण्णी नाही, आई, म्हणूनच तर चालवतोय. दोन बायका, रात्री दोन, ओसाड रस्ता, आणि मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही, हे तिला फोनवर कसं सांगायचं ते मला जमलं नाही, आता इथे लिहितेय.

आईला मी मासे वाळवायच्या मांडवांचाही फोटो पाठवला होता. माझं आजोळ अर्नाळ्याचं, त्यामुळे मला ते बघून भरूनच आलं. कॉड मासा मुंडकं काढून, दोन-दोन शेपट्या बांधून लाकडी दांड्यांवर टांगतात, मीठ नाही काही नाही, फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत नुसत्या थंड वाऱ्यावर. आपल्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टाकतात, तिकडे शेपट्या. बोंबील दोन-चार दिवसांत कडक होतो, कॉडला महिने लागतात. आम्ही गेलो तेव्हा बराच माल उतरवून झाला होता, मुंडक्यांच्या माळा मात्र होत्या, त्या नायजेरियाला जातात, तिकडे सूपाला वापरतात. वास अगदी ओळखीचा. आईने उत्तरात फक्त लिहिलं, "वाऱ्याचंच काम सगळं."

पुढे नाप्पस्ट्रॉमचा बोगदा. १९९० साली झालेला, पावणेदोन किलोमीटर, समुद्राच्या साठेक मीटर खालून. सायकलला परवानगी आहे. दिवसा यात ट्रक आला की आवाज विमानासारखा घुमतो असं ऐकून माझ्या पोटात गोळा होता, पण रात्री तीन वाजता आत फक्त पाणी ठिबकायचा आवाज आणि आमच्या फ्रीव्हीलची टिकटिक. आत जायच्या आधी जॅकेट घाला, आत बोचरी थंडी असते, आणि लाइट पुढचा-मागचा दोन्ही हवेतच, जूनमध्ये अंधार नसतो म्हणून लाइट घरी ठेवू नका. नॉर्वेत बऱ्याच बोगद्यांच्या तोंडाशी सायकलवाल्यांसाठी बटण असतं, ते दाबलं की आत सायकलस्वार आहे असा दिवा गाड्यांना दिसतो. दिसलं की दाबा. उतार भर्रकन जातो, मग आठेक टक्क्यांचा चढ, सगळ्यात खालचा गिअर टाकून सावकाश.

लेकनेसच्या पुढे ई-टेन सोडा आणि वाल्बर्गकडून जाणारा ८१५ नंबरचा रस्ता धरा. सगळ्यात सुंदर तोच, वळणावळणाने खाडीच्या काठाने, मेंढ्या रस्त्यात बसलेल्या. तिथे टर्न पक्षी रस्त्याकडेच्या दगडांत अंडी घालतात आणि आपण जवळून गेलो की डोक्यावर झेप घेतात, माझ्या हेल्मेटवर दोनदा टकटक झाली. राग नाही आला. हे आर्क्टिक टर्न दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतात, एवढं उडून आल्यावर पिल्लाजवळ कुणी आलं तर काय करतील बिचारे. त्यांच्या वस्तीपाशी फोटोला थांबू नका एवढंच.

रात्रीच्या राइडची एकच अडचण, खायला काही मिळत नाही. रविवारी तर मोठी दुकानं बंदच असतात, आमचा तो दिवस केळी आणि ब्रूनोस्टवर गेला. ब्रूनोस्ट म्हणजे तपकिरी चीज, दुधाचं पाणी आटवून आटवून करतात, चव खारट कंदी पेढ्यासारखी, लेफ्सामध्ये, म्हणजे तिकडच्या मऊ पातळ पोळीत, गुंडाळून खिशात ठेवलं की चाळीस किलोमीटरची सोय. झोपायला डोळ्यांची पट्टी घ्या, तंबू सकाळी आठलाच तापतो. बोटं पूर्ण झाकणारे हातमोजे घ्या, रात्री सहा-सात डिग्री असते. टायर आम्ही ३२ मिलीमीटर रुंदीचे लावले होते, रस्ता चांगला आहे पण खडी जाड आहे.

स्वोल्वेरला सकाळी साडेसहाला पोचलो, साधारण १५० किलोमीटर, दोन रात्रींत. बेकरी उघडायला अजून वेळ होता म्हणून धक्क्यावर सायकली टेकवून बसलो, रस्त्यावर पहिली कॅम्परव्हॅन सुरू झाली होती. पुढच्या जूनमध्ये आन्देनेसहून ग्रीलेफ्योर्डची फेरी पकडून सेन्या बेट करायचं ठरलंय, तेही रात्रीच. कुणाला यायचं असेल तर कळवा.