कानातला इटालियन

चोर्ला घाट उतरायला लागलं की माझ्या कानांना दडे बसतात. परवा पणजीच्या बसमध्येही बसले. शेजारी भाची होती, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची.

"मामा, आवंढा गिळ की. युस्टेशियन ट्यूब उघडंल."

"हा युस्टेशियन कोण?"

"युस्टाकी. सोळाव्या शतकातला इटालियन डॉक्टर."

म्हणजे जन्मापासून हा गृहस्थ माझ्या कानात राहतो आणि मला पत्ता नाही! आमच्या भागात गाव माणसाला चिकटतं. येळ्ळूरचा तो येळ्ळूरकर, कडोलीचा कडोलकर. शरीरात बघावं तर उलटंच. तिथं माणूस गावाला चिकटलेला. मेंदूखाली विलिसचं वर्तुळ, स्वादुपिंडात लँगरहान्सची बेटं. हा लँगरहान्स 1869 मध्ये विद्यार्थीच होता. प्रबंधात त्यानं त्या पेशींचे पुंजके नोंदवले. ते करतात काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. इन्शुलिनचा उलगडा पुढं कितीतरी वर्षांनी झाला. तरी नाव त्याचंच. एवढं सांगून भाचीनं सुस्कारा सोडला. तिची पहिली इंटर्नल परीक्षा जवळ आली होती.

मला खरी गंमत वाटली ती फॅलोपिओची. हाही सोळाव्या शतकातला इटालियन डॉक्टर. 1561 च्या पुस्तकात त्यानं गर्भाशयाच्या त्या नलिकेला चक्क तुतारी म्हटलं होतं, टोकाशी पसरट होत जाते म्हणून. पुढच्यांनी तुतारीची नळी केली आणि वर त्याचं नाव लावलं. अवयव बाईचा, उताऱ्यावर नाव बाप्याचं. आमच्याकडच्या शेतजमिनींची आठवण झाली.

टाचेमागच्या शिरेला तर डॉक्टरसुद्धा मिळाला नाही, टाचेत बाण लागून मेलेला ग्रीक पुराणातला अकिलीस मिळाला. तसं म्हटलं तर मांडीच्या हाडावर आपल्या दुर्योधनाचा हक्क पोचतो. पण नावं ठेवायच्या वेळी आपलं तिथं कोणी नव्हतं.

"ही नावं काढली का नाहीत कुणी?"

"काढली की. सुरुवात 1895 लाच झाली. स्वित्झर्लंडात बाझेलला अवयवांच्या नावांची यादी केली, त्यात माणसांची नावं कंसात ढकलली, आणि 1955 ला पॅरिसच्या यादीत ती पार काढून टाकली. पण आमचे सर अजून फॅलोपियनच म्हणतात. आणि परीक्षेला दोन्ही पाठ करायची आम्ही!"

केरीजवळ कान फट्‌दिशी उघडले.

संध्याकाळी पणजी स्टँडवर परतीची बस लागली. पाटीवर 'बेळगावी', 2014 पासून सरकारी नाव तेच. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "बेळगाव, बेळगाव, बेळगाव!" भाचीनं माझ्याकडं बघितलं आणि पळत जाऊन खिडकी पकडली.