पडलेली भिंत आणि दिल्लीची परवानगी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला आमचं जुनं घर आहे, कोपेश्वराच्या देवळाला अगदी लागून म्हणा ना. २०१९ च्या पुरात पाणी उतरलं आणि मागची मातीची भिंत बसली, त्या बाजूची कौलं पण गेली. मला वाटलं गवंडी बोलवू, महिन्यात काम उरकू. शेजारचे काका म्हणाले, "आधी परमिशन काढ गड्या, नायतर नोटीस येईल."

तर आमचं देऊळ म्हणजे केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक, आणि अशा स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. आम्ही हुशारी करून देवळाच्या भिंतीपासून टेप धरली, पण मोजायचं असतं ते संरक्षित जागेच्या हद्दीपासून, त्यामुळे आम्ही अजूनच आत निघालो! १०० च्या आत नवीन बांधकाम नाहीच. दुरुस्ती चालते, पण घर १६ जून १९९२ च्या आधीचं पाहिजे.

घर आजोबांच्या काळातलं, पण पुरावा? कागदांची ट्रंक पुरात भिजलेली. अण्णांनी घरफाळ्याच्या पावत्या एकेक सोडवून चिमट्यांनी दोरीवर वाळत घातल्या, त्यात १९८७ ची एक वाचता येत होती, तिच्यावरच सगळं निभावलं.

खरा घोळ आम्हीच घातला. इंजिनिअरने अर्जात "भिंतीचे पुनर्बांधकाम" असं झोकात लिहिलं, वर आईच्या हट्टाने आतल्या न्हाणीघराची एक खोली नकाशात वाढवली, आणि आम्ही न वाचताच सह्या ठोकल्या. अर्ज परत. कायद्यात दुरुस्ती वेगळी आणि पुनर्बांधणी वेगळी, हे तेव्हा कळलं. मग खोली काढली, शब्द बदलला, लांबी-रुंदी-उंची होती तेवढीच दाखवली, पडक्या भिंतीचे चारी बाजूंनी फोटो जोडले. कागद सक्षम अधिकाऱ्याकडून, म्हणजे अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून, १५ दिवसांत दिल्लीला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जायचा, त्यांना दोन महिने, मग परत इकडे एक महिना, असा हिशोब. पण आमचा एक फेरा वाया गेलेला आणि मध्ये लॉकडाऊन, त्यामुळे पुढचा अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला.

चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू. तसाच एकदा देवळाच्या स्वर्गमंडपात, म्हणजे पुढच्या खांबांच्या मंडपात, जाऊन बसलो. लहानपणी तिथल्या ४८ खांबांत लपाछपी खेळायचो. वर छताला गोल मोकळं आभाळ, आणि मनात आलं की आपल्यासारख्या प्रत्येकाने दोन-दोन मजले चढवले तर या गोलातून पण कुणाची तरी पाण्याची टाकी दिसायची. राग गेला नाही, पण जरा कमी झाला.

परवानगी आली, भिंत २०२१ च्या उन्हाळ्यात झाली, आणि जुलैत परत पूर! यावेळी भिंत टिकली. न्हाणीघर मात्र अजून बाहेरच आहे आणि आई ते अजून मलाच ऐकवते.