फॉर्म 16 येतच नाहीये, मामा

आमच्याकडे कोणाचाही रिटर्न भरायचा असला की लॅपटॉप माझ्यासमोर येऊन बसतो. मी सीए वगैरे नाही, बँकेत होतो एवढंच, पण नातेवाईकांना तेवढं पुरतं. तर मागच्या जुलैमध्ये भाची आली, डेंटिस्ट आहे, एका मोठ्या दवाखान्यात लागलीये. म्हणे फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, मिळत नाहीये, एचआरवाला नुसतं बघतो बघतो करतोय. मी 26एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचं स्टेटमेंट, उघडलं तर 192 चा, म्हणजे पगारावर टॅक्स कापायच्या कलमाचा, पत्ताच नाही, बाराही महिने 194जे, प्रोफेशनल फीवालं कलम! पोरगी स्वतःला नोकरदार समजत होती आणि कागदावर ती कन्सल्टंट, महिन्याचे 60,000, त्यातले 10% टीडीएस कापून हातात 54,000. फॉर्म 16 येणार कुठून, येणार तो 16ए, फीवरच्या टीडीएसचा दाखला.

हे ऐकून ती आधी चिडली, मग हिशोब बघून खूश झाली. वर्षाची फी 7,20,000, 44एडीए मध्ये, म्हणजे प्रोफेशनल लोकांसाठीच्या सोप्या हिशोबात, निम्मी खर्चात सोडून निम्मी उत्पन्न धरली की 3,60,000, टॅक्स शून्य, कापलेले 72,000 परत. "मग हेच बरं की मामा!"

अगं थांब म्हटलं. पगार धरला असता तरी 75,000 स्टँडर्ड डिडक्शन जाऊन 6,45,000 उरले असते, 2024-25 ला नव्या रेजिममध्ये 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्स माफ करणारा रिबेट होताच, म्हणजे टॅक्स तेव्हाही शून्य, आणि मुळात कापलेही नसते. तुझेच पैसे वर्षभर सरकारकडे पडून होते, ते परत आले म्हणून कसला आनंद? आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, उद्या बाळंतपणाची 26 आठवडे, हे सगळं गेलं त्याचं काय? निम्मा खर्च म्हणे, हिचा खर्च काय तर स्कूटीचं पेट्रोल.

मग तिचं अपॉइंटमेंट लेटर मागवलं. वर ठळक कन्सल्टंट, आत सकाळी 9 ला बायोमेट्रिक, पेशंट दवाखाना देणार, खुर्ची-औजारं त्यांची, रजा आधी मंजूर करून घ्यायची, आणि परवानगीशिवाय बाहेर प्रॅक्टिस बंद. आता कोर्ट नावापेक्षा हेच बघतं, काम कसं करायचं ते कोण ठरवतं. 1956 मध्ये ध्रांगध्रा केमिकल्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अगरियांना, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांना, कामगारच मानलं, मिठाच्या वजनावर पैसे मिळत होते, मदतीला माणसं स्वतः ठेवत होते तरी. ती टॅक्सची केस नव्हती, पण कसोटी तिथलीच वापरतात. उलट 2015 ला पुण्याच्या रुबी हॉलच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने डॉक्टरांची कमाई पगार नाही, फीच धरली, आयकरवाल्यांचं अपील फेटाळलं. वेळ ठरलेली असली म्हणून नोकर होत नाही, त्यांना पीएफ नव्हता, बाहेर पेशंट बघायची मोकळीक होती. भाचीची गाडी इथेच अडते, पीएफ नाही हे खरं, पण मोकळीक पण नाही. माझ्या मते ही नोकरीच आहे, पण दवाखाना आपणहून 192 लावणार नाही, त्याला 194जे स्वस्त पडतं.

रिटर्न शेवटी आयटीआर-4 मध्येच, म्हणजे त्या निम्म्या हिशोबाच्या फॉर्ममध्येच, भरला, कारण 26एएसशी भांडत बसायची तिची तयारी नव्हती. रिफंड आला. परवा मावसबहिणीच्या लग्नासाठी रजा हवी होती तर तिने अर्जाचा फोटो पाठवला, वरच्या कोपऱ्यात छापलंय, "एम्प्लॉयी कोड". मी रिप्लाय केला, हा फोटो डिलीट करू नकोस.