दात्यांवरचं बोटभर पाणी

टाकीतलं पाणी जरा खाली दिसलं की हात बादलीकडे जातो. साध्या फिशटँकला ते चालतं. ओव्हरफ्लो (जास्तीचं पाणी पलीकडे सोडणारा काठ आणि त्यामागचा बॉक्स) आणि खाली संप (पाणी परत वर ढकलणारा पंप असलेली दुसरी टाकी) असलेल्या टाकीत मात्र ओतलेलं पाणी त्या काठाच्या, म्हणजे कंगव्याच्या, दात्यांतून निमूटपणे पलीकडे बॉक्समध्ये उतरतं, पाइपातून संपमध्ये जातं आणि वरची पातळी होती तिथेच. पुन्हा ओता, पुन्हा तेच. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की मागून कितीही आलं तरी जलाशय फारसा चढत नाही, तसला हा प्रकार. इथे पाणी विचारतं ते उंबरठ्याला, म्हणजे या काठाला.

उंबरठ्याच्या वर पाण्याचा एक थर मात्र सतत उभा असतो, आणि तेवढाच काय तो पंपाच्या हातात. ३० सेंटिमीटर लांबीच्या सरळ काठावरून ताशी ३००० लिटर पाणी जात असेल, तर काठावर साधारण १३ मिलिमीटर पाणी राहतं. त्याच काठाला दाते पाडले आणि निम्मी लांबी दात्यांनी खाल्ली, की ते २१ मिलिमीटरच्या आसपास जातं. गंमत अशी, की सरळ काठ तसाच ठेवून पंपाचा प्रवाह दुप्पट केला तरी आकडा हाच येतो. पाणी दुप्पट चढत नाही, दीडपटीहून थोडं जास्त चढतं. म्हणून ‘पंप जरा वाढवू, पातळी येईल वर’ हा हिशेब काही मिलिमीटरांपुरताच खरा.

सेंटिमीटरांत फरक हवा असेल तर काठालाच हात घालावा लागतो. वर न्यायचं तर उंच कंगवा बसवायचा किंवा आहे त्या काठाला ॲक्रिलिकची पट्टी जोडायची. ॲक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, महिना-दोन महिन्यांत पट्टी सुटून पाण्यात हलायला लागते. त्यापेक्षा क्लिप किंवा ॲक्रिलिकचाच सॉल्व्हंट बरा. टाकीच्या कडेपासून ३-४ सेंटिमीटर मोकळे सोडायचेच. खाली आणायचं तर दात्यांमधल्या फटी कानशीने खोल करता येतात, पण अगदी थोड्या थोड्या. खोल झालेली फट परत उथळ होत नाही.

काठ उंचावताना हमखास विसरली जाते ती रिटर्नची, म्हणजे संपमधलं पाणी पंपाने परत वर आणणारी नळी. वीज गेली की ओव्हरफ्लोचं काम काठाशी थांबतं, पण रिटर्नच्या तोंडाला काठाशी काही देणंघेणं नसतं. ते पाण्यात जितकं बुडालेलं असेल तितकं पाणी उलटं सायफन होऊन संपमध्ये येतं. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. तोंड ६ सेंटिमीटर खोल असेल तर ३२ लिटर खाली येणार. ७५ बाय ३५च्या संपमध्ये ते १२ सेंटिमीटर चढतं, ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांतलं पाणी वेगळंच. एवढी जागा संपमध्ये कोरडी नसेल तर फरशी ओली. तोंड पृष्ठभागाला लागून ठेवावं आणि पाण्याच्या रेषेच्या जरा खाली नळीला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडावं, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं. टूथब्रश फिरवत राहावा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉनरिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यात एक कण अडकला की तो नावापुरता उरतो.

आता बॉक्सच्या आतलं पाणी. त्याची पातळी वरच्या टाकीहून वेगळी आणि आवाजाचं सगळं भांडण तिथेच. दात्यांवरून पडणारं पाणी आत १५ सेंटिमीटर कोसळत असेल तर खोलीत धबधबा. आतली पातळी दात्यांच्या खाली ३-४ सेंटिमीटरवर आणली की नुसती झुळझुळ. मुख्य ड्रेनला, म्हणजे बॉक्समधून संपमध्ये उतरणाऱ्या पाइपाला, व्हॉल्व्ह आणि शेजारी उंच आणीबाणीचा पाइप, अशी हर्बी पद्धत असेल तर हे व्हॉल्व्हने साधतं. तो गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण बंद होतो; त्यात बारीक फरक करणं म्हणजे कुऱ्हाडीने नखं कापणं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप सुरू करायचा आणि हळूहळू आवळत जायचं. पाइपातली हवा निघून गेली की बेसिन रिकामं होतानाचा तो सुर्र आवाज एकाएकी थांबतो. मग अष्टमांश फेरा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा अष्टमांश. घाई केली तर पाणी आपली जागा शोधत असतानाच आपण ती बदलतो. आणीबाणीच्या पाइपात बारीकशी धार जात असली की जमलं. संपमध्ये ड्रेनचं तोंड २-३ सेंटिमीटरच बुडवायचं. खोल गेलं तर अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही.

शेवटी मुख्य ड्रेन मुद्दाम बंद करून आणीबाणीचा पाइप एकटा सगळं पाणी नेतो का ते समोर उभं राहून पाहायचंच. हे न करता टाकी चालू ठेवणं मला धाडस वाटतं, तेही बिनकामाचं.

बाष्पीभवन दिसतं ते फक्त रिटर्न पंपाच्या कप्प्यात. पंप चालू असताना तिथे मार्करने रेघ मारायची, भर टाकायची ती त्या रेघेपर्यंत. खाऱ्या टाकीत ही भर गोड्या पाण्याची. मीठ कुठे उडून गेलेलं नसतं.

एवढं झालं की वरची पातळी महिनोन्महिने हलत नाही, म्हणूनच ती हलली तर बघावं. ४-५ मिलिमीटर खाली आली असेल तर पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांवर, क्षार बसलेत, तो काढून घासायला हवा. वर चढली असेल तर कंगव्याच्या फटींत बोट फिरवून पाहावं. बहुतेक वेळा एखादी गोगलगाय नेमकी दोन दात्यांच्या मध्ये ठाण मांडून बसलेली असते.