एमएस आणि दिव्यांग प्रमाणपत्र : "तुम्ही तर चालत आलात!"

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा नसांचा आजार आहे, आम्ही सगळे एमएसच म्हणतो. निदानाचं लांबवत नाही. एका डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, मग एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणी, स्टेरॉइडची सलाईनं, डोळा बराचसा सुधारला, औषधं सुरू झाली. इथे लिहितेय ते दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल कारण त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात एमएस चक्क नावानिशी लिहिलाय. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात एमएस नव्हता. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन असतो, आधार, फोटो, रिपोर्ट अपलोड केले, घरबसल्या झालं.

खरा त्रास पुढे. टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाचा दिवस ठरलेला, जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, आणि महिना मे. केस पेपर काढला तर खिडकीवरच्या बाईंनी पेपर न वाचताच सांगितलं ऑर्थोकडे जा. ऑर्थोवाले म्हणाले हाडाचं काही नाही, मेडिसिनला जा. मेडिसिनला कळलं की न्यूरोचा डॉक्टर इथे नाहीच, मग परत खिडकी, आणि प्रत्येक ठिकाणी नवी रांग. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं आवरण खराब करते, आणि अंग तापलं की त्या नसा आणखीच दगा देतात. ऊन, ताप, गरम पाण्याची अंघोळ, काहीही पुरतं. गार झालं की उतरतं, तो काही नवीन अटॅक नसतो, पण तेवढा वेळ पाय आपला राहत नाही. त्या रांगेत माझ्या उजव्या पायातली चप्पल कधी निसटली मला कळलंच नाही, मागच्या आजी ओरडल्या, "अगं बाई, तुझी चप्पल मागे राहिली!" दादाने ती आणून पायात घातली, मानेवर ओला नॅपकिन ठेवला, आणि तसंच आत गेलो.

आतल्या डॉक्टरांनी एकदा वर बघितलं. "मॅडम, तुम्ही तर चालत आलात. चेहरा पण फ्रेश आहे. चाळीस टक्के दिव्यांगत्व कुठून देऊ?" सवलतींसाठी किमान तेवढं लागतं. आणि वर, "कार्डाच्या मागे कशाला लागता, पॉझिटिव्ह राहा."

मी पॉझिटिव्हच आहे हो! रोज सकाळी डोकं आणि पाय दोन्ही ताजे असतात तेव्हा महत्त्वाची कामं उरकते, दुपारी आडवी होते आणि त्याची लाज वाटून घेत नाही, फिजिओचे व्यायाम चुकवत नाही, घरात हसते, भांडते, सणाला पुरणपोळ्या बसून लाटते. मला माझं आयुष्य आवडतं म्हणूनच मला ते कार्ड हवं होतं, कारण एसटीला ७५ टक्के सवलत मिळाली की फिजिओला जाताना हात आखडत नाही. हसून बोलणारा माणूस आजारी नसतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी फाईल नीट लावायला घेतली.

कामाला आलं ते असं. माझ्या न्यूरोलॉजिस्टकडून सविस्तर पत्र घेतलं, नुसतं आजाराचं नाव नाही तर ईडीएसएस स्कोअर (एमएसने किती अपंगत्व आलंय ते मोजणारा आकडा), न थांबता किती चालता येतं, डोळा, लघवीचा त्रास, थकवा, सगळं त्यात. कायद्याच्या परिशिष्टाचं पान प्रिंट करून एमएसच्या ओळीवर हायलायटर मारला. हे दोन्ही जोडून सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला की मला न्यूरोलॉजिस्ट असलेल्या ठिकाणी तपासणीला पाठवा. पोच घ्या, शिक्का मारून घ्या, तोंडी काही बोलत बसू नका. मग मेडिकल कॉलेजला रेफर केलं आणि तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा मला नीट तपासलं. तळव्यावर रेघ ओढून बघितली, एका रेषेत चालायला लावलं, मग कॉरिडॉरमधे फेऱ्या मारायला लावल्या, पाय ओढायला लागेपर्यंत. त्या म्हणाल्या, "आता दिसलं." चाळीसच्या वर टक्के मिळाले. इतका आनंद मला कुठल्या परीक्षेच्या निकालाचा झाला नव्हता.

आणि हो, फॉर्ममधे प्रकार निवडताना लोकोमोटर (हालचालीचं अपंगत्व) टाकू नका, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार यात एमएस आहे, मी तोच निवडला होता म्हणून नंतर वाद घालता आला. सोबत कोणीतरी न्याच, रांगेत तो उभा राहील, तुम्ही बसा. खुर्ची मागायला अजिबात लाजू नका. एकटं वाटत असेल तर मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करतेय, मुंबई-पुण्यात त्यांचे चॅप्टर आहेत, तिथे आपल्यासारखी माणसं भेटतात, आणि थकवा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

माझं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, मुदत संपली की परत तपासणी. यावेळी अर्ज थंडीतच टाकणार आहे, मे महिन्याच्या रांगेत मी परत उभी राहणार नाही.